परळचे चिकित्सा-संशोधन : तुलना कोणाशी?

परळला एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर ज्या वैद्यकीय संस्था उभ्या आहेत, त्यांच्या इतकी दाट वस्ती विद्येच्या दुसऱ्या कोणत्याही शाखेला मुंबईत लाभलेली नाही. जुन्या गव्हर्नर निवासात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय व शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालयाची भर पडली. महाविद्यालयाच्या देणगीला अध्यापकवर्ग भारतीयच असावा अशी अट होती. तिच्यामागे केवळ नोकऱ्यांचा हिशेब नव्हता. रोगाविषयीचे ज्ञान या देशातील माणसांनी या देशातील रुग्णांच्या शुश्रूषेतून निर्माण करावे, ही आकांक्षाही तिच्यात होती. ती कितपत फळास आली, हे इमारतींवरून आणि खाटांच्या संख्येवरून ठरणार नाही. त्यासाठी तेथून निघालेले निबंधच वाचावे लागतात.

हे निबंध वाचण्याची एक सर्वपरिचित रीत आहे. शोध कोणता लागला, तो पहिला होता की दुसरा, त्याला पारितोषिक मिळाले की नाही, एवढे पाहावयाचे आणि अभिमानाने पुस्तक मिटावयाचे. गौरवग्रंथांना ही रीत शोभते. विद्यापीठीय वाचकाने मात्र प्रत्येक निबंधाला एकच साधा प्रश्न विचारला पाहिजे : या औषधाने वा शस्त्रक्रियेने गुण आला असे लेखक म्हणतो, तर तो कोणाच्या तुलनेत? औषध घेण्यापूर्वीच्या त्याच रुग्णाच्या, औषध न घेतलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या, की लेखकाच्या मनातील रुग्णाच्या? परळच्या सात-आठ दशकांच्या संशोधनाचा बहुतेक इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांत सामावतो, आणि त्यातील सर्वांत अवघड नैतिक पेचही याच प्रश्नापाशी उभा राहतो.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. वैद्यक ज्याला ‘कंट्रोल ग्रूप’ म्हणते त्याला मराठीत ‘नियंत्रित गट’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो भ्रामक आहे. त्या गटातील माणसांवर कोणी नियंत्रण ठेवीत नाही. उलट बहुधा त्यांना नेहमीच्याच उपचारांवर किंवा उपचारांच्या अभावावर सोडून दिलेले असते. त्यांचे काम एकच : दुसऱ्या गटाशी ताडून पाहण्यासाठी असणे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘तुलनागट’ हाच शब्द योजला आहे. तो कानाला रुक्ष वाटला, तरी त्या माणसांची खरी स्थिती तो लपवीत नाही.

मुंबईला तुलनागट अपरिचित नव्हता. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा ती कैद्यांना देऊ केली. सुमारे दीडशे कैद्यांनी आपणहून लस घेतली. त्याहून थोडे अधिक तसेच राहिले. लस टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग उघड झाला होता त्यांना वगळले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला व दोघेही बचावले; न घेतलेल्यांपैकी बारा जणांना झाला व सहा दगावले. एकच भिंत, एकच अन्न, एकच हवा. फरक फक्त लसीचा. तुरुंगाइतकी समान परिस्थिती तुलनेला अन्यत्र कोठे मिळणार? तथापि या तुलनेत दोन फटी आहेत. ज्यांनी हात पुढे केला आणि ज्यांनी केला नाही ते कैदी प्रकृतीने व स्वभावाने सारखेच होते, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी फट अधिक खोल आहे. दार बाहेरून बंद असलेल्या माणसाच्या ‘आपणहून’ या शब्दाला किती अर्थ उरतो? या दोन्ही फटी पुढील सव्वाशे वर्षे परळच्या निबंधांतून निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसतात.

के. ई. एम. च्या निबंधांत सर्वाधिक ख्यातीचा निबंध रुस्तम जाल वकील यांचा आहे. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात १९४९ साली तो प्रसिद्ध झाला. विषय होता रक्तदाबाच्या विकारावर सर्पगंधेचा उपयोग. ही मुळी आयुर्वेदाला परिचित होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण नोंदविला होता, आणि त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली होती. मग वकिलांनी नवे काय केले? त्यांनी पन्नास रुग्ण घेतले, औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर प्रत्येकाचा दाब ठराविक रीतीने मोजला, आणि जे दिसले ते इंग्लंड-अमेरिकेतील हृदयतज्ज्ञ रोज वाचतात अशा ठिकाणी, त्यांना परिचित असलेल्या भाषेत मांडले. हे काम लहान नव्हे. भारतीय औषधांविषयीचे शेकडो अनुभव भारतीय नियतकालिकांत प्रसिद्ध होऊन तेथेच विरून गेले आहेत.

परंतु हा निबंध आज वाचताना त्यातील उणीव डोळ्यांआड करता येत नाही. वकिलांची तुलना रुग्णाची त्याच रुग्णाशी आहे. वाढलेला रक्तदाब रुग्णालयात आल्यावर, विश्रांतीने, वैद्यावरील विश्वासाने आणि वारंवार मोजल्यानेही काही अंशी उतरतो. ज्याचा दाब फार चढलेला असताना तो निवडला गेला, त्याचा दाब पुढच्या मोजणीत उतरलेला सापडण्याचा संभवच अधिक असतो. पन्नास रुग्णांतील उतारापैकी सर्पगंधेचा वाटा किती आणि या इतर गोष्टींचा किती, हे या निबंधावरून सांगता येत नाही. वकिलांना ही रीत ठाऊक असणे अशक्य नव्हते, असा आक्षेप घेणे सोपे आहे. आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा प्रसिद्ध केली होती. तिच्यात क्षयाचे १०७ रुग्ण यदृच्छेने दोन गटांत विभागले होते. मात्र ती पद्धत तेव्हा ब्रिटनमध्येही अपवादरूप होती. शिवाय परळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. गिरणगावातला रुग्ण बाह्यरुग्ण विभागात एकदा येतो. शिमग्याला किंवा गणपतीला कोकणात गेला म्हणजे ठरल्या दिवशी दाब मोजून घ्यायला तो परत येईलच असे नाही. अशा रुग्णांचे दोन गट करून महिनोन्‌महिने राखणे ही पैशाची आणि मनुष्यबळाची बाब होती, आणि महापालिकेच्या रुग्णालयात दोन्ही टंचाईच्याच गोष्टी होत्या.

तुलना झाली, पण ती परळला झाली नाही. वकिलांच्या निबंधानंतर बोस्टनमध्ये विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी वाढलेल्या रक्तदाबाचे १४३ पुरुष निवडले. एका गटाला रिसर्पिनसह तीन औषधे दिली व दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. औषधाविना असलेल्या ७० जणांपैकी २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली. औषध घेतलेल्या ७३ पैकी फक्त दोघांवर. रक्तदाब उतरविल्याने माणूस वाचतो, हे ज्या परीक्षेने निर्विवाद ठरले तिच्यातील एक औषध परळमार्गे जगासमोर आले होते. पण ते वाचवते हे सिद्ध करणारा तुलनागट अमेरिकन सैनिकांचा होता. यात परळचा गौरव आहे तसेच वैगुण्यही आहे. गौरवग्रंथ पहिल्याचीच नोंद घेतात. रिसर्पिनने काही रुग्णांना घोर विषण्णता येते, हेही १९५० च्या दशकातच ध्यानात आले आणि पुढे निरुपद्रवी औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला. औषधाचा अपाय मोजायलाही तुलनाच लागते.

शवासनाची कथा या कथेची जणू छोटी आवृत्ती आहे. के. ई. एम. च्या हृदयविभागातील के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ मध्ये ४७ रुग्णांचा निबंध प्रसिद्ध केला. काही रुग्ण औषधाविना होते, काहींचा दाब औषधांनी आटोक्यात होता, तर काहींचा औषधे असूनही आटोक्यात येत नव्हता. तिन्ही गटांना शवासन शिकविले गेले आणि तिन्ही गटांचा वेगवेगळा हिशेब मांडला गेला. गट तीन असले तरी त्यांपैकी एकही तुलनागट नाही. कारण शवासन न करता नुसताच अर्धा तास पडून राहिलेला माणूस या निबंधात कोठेच भेटत नाही. असा माणूस १९७५ मध्ये लंडनला भेटला. चंद्रा पटेल व नॉर्थ यांनी ३४ रुग्ण यदृच्छेने विभागले. एका गटाला शिथिलीकरण शिकविले आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ कोचावर नुसतेच पडू दिले. दोन्ही गटांचा दाब उतरला, मात्र शिकविलेल्यांचा कितीतरी अधिक. दात्यांचे अनुमान त्यामुळे बळकट झाले. तसेच नुसत्या पडून राहण्यानेही दाब काही अंशी उतरतो, म्हणजेच १९६९ च्या आकड्यांत ही विश्रांतीही मिसळलेली असणार, हेही दिसले.

प्रत्येक शोधाला तुलनागट लागतो असे मात्र नव्हे. १९५२ च्या ‘लॅन्सेट’ मधील भेंडे, देशपांडे, भाटिया व लंडनच्या लिस्टर संस्थेतील त्यांचे सहकारी यांचा निबंध याचे उत्तम उदाहरण आहे. काही व्यक्तींच्या रक्तात ‘ओ’ गटाच्याही पेशींविरुद्ध प्रतिद्रव्य असते, असे परळच्या प्रयोगशाळेत आढळले. नेहमीच्या तपासणीत असे रक्त ‘ओ’ गटाचेच भासते. पण त्या रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर ते प्राणघातक ठरू शकते. ‘ए’ व ‘बी’ ज्या मूळ द्रव्यापासून बनतात तेच या माणसांत नसते, ही त्याची उपपत्ती. भारतात सुमारे दहा हजारांत एकाला असणारा हा गट पुढे जगभर ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जाऊ लागला. येथे एकच रुग्ण पुरेसा होता, कारण दावा कारणाचा नसून अस्तित्वाचा होता. पांढरा कावळा एकदा दिसला की पुरे. या निबंधाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, लंडनला नमुने पाठविले गेले तरी प्रश्न परळचाच राहिला, के. ई. एम. च्या आवारातच पुढे रक्तगटांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले.

प्रफुल्लकुमार सेन यांचे हृदयारोपण याच्या अगदी उलट टोकाचे. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केले आणि १९६८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, सेन यांनी ते के. ई. एम. मध्ये केले. त्या वर्षीचे त्यांचे दोन्ही रुग्ण काही तासांपलीकडे जगले नाहीत. या धाडसाचे कौतुक किंवा निर्भर्त्सना या दोन्हींचा मोह आवरून एवढेच म्हणता येते : प्राण्यांवरील दीर्घ प्रयोगांचा पाया सेनांपाशी होता, परंतु मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत मानणारा कायदा या देशात नव्हता, आणि शरीराने परकीय हृदय नाकारू नये यासाठीची औषधेही त्या काळी अपुरी होती. कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी दिल्लीला भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण झाले. सेनांच्या निबंधांत तुलनेचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण दुसऱ्या बाजूला केवळ मृत्यू उभा होता असे मानले गेले. हे मानणेच तपासण्याजोगे आहे. पण दोन रुग्णांवरून ते तपासता येत नाही.

परळचा स्वतःचा तुलनागट ठळकपणे दिसतो तो गुळवेलीच्या निबंधात. के. ई. एम. मधील शरदिनी डहाणूकर, निर्मला रेगे, शल्यविशारद रवी बापट व त्यांचे सहकारी यांचा हा निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. पित्तमार्ग तुंबून झालेल्या काविळीत शस्त्रक्रियेपूर्वी नळीवाटे पित्त काढून टाकले तरी अनेक रुग्ण रक्तात जंतू पसरून दगावतात. यकृत बिघडले की पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्तीही घटते. गुळवेलीने ती परत येईल काय, हा प्रश्न होता. ‘गुळवेल गुणकारी आहे काय?’ असा भोंगळ प्रश्न न विचारता विशिष्ट रोगात, विशिष्ट टप्प्यावर, मोजता येईल अशा विशिष्ट शक्तीविषयी विचारणे, हीच या कामातील बुद्धीची खरी खूण. तीस रुग्ण यदृच्छेने विभागले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीला शरीराच्या वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम गुळवेल. यकृताची स्थिती दोन्ही गटांत सारखीच राहिली. पेशींची शक्ती मात्र गुळवेल घेतलेल्यांतच पूर्ववत झाली. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत जंतू रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकाही रुग्णात दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ४० व दुसऱ्यात ९२.४.

आकडे डोळे दिपविणारे आहेत, आणि म्हणूनच येथे थांबावे लागते. तीस माणसांचे दोन भाग केल्यावर प्रत्येक भागात इतके थोडे लोक उरतात की, एका-दोघांचे दैव फिरले तरी शेकडेवारी कितीतरी हलते. ९२.४ मधील दशांश चिन्हापुढचा आकडा अशा स्थितीत अचूकतेचा आभास तेवढा उत्पन्न करतो. तीन रुग्णांना गुण आला की ‘शंभर टक्के’ लिहिणाऱ्या जाहिरातीची आणि या निबंधाची प्रतवारी अर्थातच एक नाही. पण शेकडेवारीचा मोह दोघांनाही सुटलेला नाही. शिवाय लहान परीक्षेत निघालेला मोठा फरक पुढच्या मोठ्या परीक्षेत बहुधा आकुंचन पावतो, हा वैद्यकाचा नेहमीचा अनुभव आहे. लेखकांनी आपल्या शीर्षकात या निष्कर्षाला उपचारातील नवा ‘धागा’ अशा अर्थाचा शब्द योजला आहे. तो योग्य आणि संयमी आहे. धागा पुढे विणायचा असतो.

विणण्याचे काम मागे पडले आणि धाग्याचाच झेंडा झाला. २०२० च्या महासाथीत गुळवेल ‘प्रतिकारशक्ती’ या नावाखाली घरोघर पोहोचली : काढा, रस, गोळ्या, कुंपणावरची ताजी वेल. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत ही मंडळी यकृतदाहाने रुग्णालयात आली होती आणि सर्वांच्या पोटात गुळवेल गेलेली होती. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच यकृतावर उलटावे, अशा प्रकारचा तो विकार होता. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या अनुमानाला हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल, हा त्यातील एक मुद्दा होता. हा वाद ज्यांनी वृत्तपत्रांतून वाचला, त्यांना दोनच पक्ष दिसले : गुळवेलीचे कैवारी आणि वैरी. वास्तविक दोन्ही निबंध एकाच पंगतीत बसवून वाचले पाहिजेत. सहा रुग्णांनाही तुलनागट नाही. किती लाख लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांपैकी कितींचे यकृत मुळातच दुबळे होते, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे अपाय संभवतो एवढे ठरते, किती वेळा होतो ते ठरत नाही. दुसऱ्या बाजूने १९९३ च्या निबंधाचा आधार निरोगी माणसाच्या सकाळच्या काढ्याला मुळीच मिळत नाही. काविळीने खचलेल्या रुग्णाची क्षीण प्रतिकारशक्ती जी वस्तू सावरते, तीच धडधाकट माणसाच्या चेतलेल्या प्रतिकारशक्तीला आणखी डिवचणार नाही, अशी हमी त्या निबंधाने कधीच दिली नव्हती. डहाणूकरांनी वनस्पतींविषयी मराठीत रसाळ लेखन केले. त्यांच्या शास्त्रीय निबंधातील ही अट मराठी वाचकापर्यंत तितक्याच गोडीने पोहोचली असती, तर पुढचा गोंधळ काहीसा कमी झाला असता.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या अलीकडील निबंधांत तुलनागटाचे तंत्र पक्व झालेले दिसते. तोंडाच्या प्रारंभावस्थेतील कर्करोगात, मानेत गाठ हाताला लागत नसताना, मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतील ग्रंथी काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा जगभर अनेक वर्षे चाललेला वाद होता. दोन्ही रीती प्रतिष्ठित शल्यविशारदांना मान्य होत्या. २००४ पासून दहा वर्षांत डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५९६ रुग्ण यदृच्छेने विभागले. २०१५ मध्ये पहिल्या पाचशेंचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी शेकडा ८० जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५. तंबाखू व गुटखा यांनी ज्या शहराची तोंडे जाळली, त्याच शहराने हा प्रश्न सोडवावा यात औचित्य आहे. नैतिक दृष्ट्याही हा निबंध निर्मळ आहे. कोणती बाजू श्रेष्ठ हे खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून चिठ्ठी टाकणे न्याय्य होते.

पण चिठ्ठी टाकणाऱ्याला उत्तर अर्धेअधिक ठाऊक असेल तर? याच रुग्णालयाच्या सर्वांत विस्तीर्ण परीक्षेने हा पेच उभा केला. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांचे वीस समूह यदृच्छेने दोन भागांत विभागले गेले. ३५ ते ६४ वर्षांच्या एकूण १,५१,५३८ स्त्रिया त्यात आल्या. एका भागात, शिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करीत. दर दोन वर्षांनी, चार वेळा. घरात सिरक्याची बाटली असते तितके ते साधन साधे आहे. दुसऱ्या भागातील स्त्रियांना कर्करोगाविषयी एकदा माहिती दिली गेली. तपासणी दिली गेली नाही. शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जाहीर केलेला बारा वर्षांचा हिशेब असा : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तपासणी झालेल्या भागात ६७ स्त्रिया दगावल्या, तुलनेच्या भागात ९८. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३१ ने घटले.

या निबंधावर मोठे वादळ उठले, आणि ते उठावे असाच हा निबंध आहे. आक्षेपकांचे म्हणणे असे की, गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणीने टळतो हे पापनिकोलाऊ यांच्या पद्धतीने पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकांपूर्वीच दाखविले होते. मग हजारो स्त्रियांना वर्षानुवर्षे तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजण्याला समर्थन कोणते? संमतिपत्रातील माहिती पुरेशी होती की नव्हती, यावरही वाद झाला. संशोधकांचे उत्तर असे की, पापनिकोलाऊंच्या पद्धतीला प्रयोगशाळा व पेशीतज्ज्ञ लागतात आणि ते या देशातील बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून ज्या साध्या पद्धतीची परीक्षा घेतली तिच्याविषयी उत्तर खरोखरच ठाऊक नव्हते, आणि तुलनेच्या भागातील स्त्रियांना मिळाले ते देशातील प्रचलित उपचारांपेक्षा कमी नव्हते.

दोन्ही बाजूंच्या या युक्तिवादात ‘प्रचलित’ हा शब्द सारे ओझे वाहतो. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत ब्रिटनमधील परीक्षकांनी अर्ध्या रुग्णांना स्ट्रेप्टोमायसीन दिले नाही, कारण ते सर्वांना पुरेल इतके देशात नव्हतेच. टंचाईनेच तुलना न्याय्य केली. मुंबईतील टंचाई कोणत्या जातीची होती? ॲसिटिक आम्ल स्वस्त आणि मुबलक होते. टंचाई होती ती आरोग्यसेविकांची व त्यांना पगार देण्याच्या शासकीय इच्छेची, म्हणजे माणसांनी निर्माण केलेली. एखाद्या समाजात गरिबांना काहीच मिळत नाही ही वस्तुस्थिती तुलनागटाची पायरी म्हणून वापरली, तर संशोधन अन्यायाला खतपाणी घालत नसले तरी त्याच्या जमिनीवर उभे राहते. याउलट हेही तितकेच खरे की, मृत्यूच्या आकड्यांवाचून राज्यकर्त्यांना जाग येत नाही. केवळ पाश्चात्त्य दाखल्यांवर या देशात तपासणीची यंत्रणा उभी राहिली नव्हती, हे अर्ध्या शतकाच्या अनुभवाने सिद्ध झाले होते. आक्षेपकांना जे ‘ठाऊक’ होते, ते सरकारदरबारी ठाऊक नसल्यासारखेच होते. या दोन विधानांपैकी एकाची निवड करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु निर्दोष ठरविण्याची घाई केली तर ९८ स्त्रियांचा हिशेब अपुरा राहतो, आणि दोषी ठरविण्याची घाई केली तर ६७ आणि ९८ मधील अंतर कोणामुळे कळले, हे विसरले जाते. या निबंधाचे वैगुण्य त्याच्या गणितात नाही. हा पेच त्यात सलग चार वाक्यांतही मांडलेला नाही, यात आहे. नीतिसमितीने मान्यता दिली, एवढी एक ओळ घातली की प्रश्न मिटतो असा अलीकडे समज झाला आहे. भायखळ्याच्या तुरुंगातील ‘आपणहून’ या शब्दाइतकीच ती ओळही खरवडून पाहिली पाहिजे.

याच रुग्णालयाचा २०२२ च्या अखेरचा एक निबंध या दृष्टीने विलक्षण आहे. मस्तक व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगावर निव्हॉलुमॅब हे औषध जगात वापरले जाते. त्याची पूर्ण मात्रा या देशातील बहुसंख्य रुग्णांच्या ऐपतीबाहेरची आहे. पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५१ रुग्ण घेतले. सर्वांना तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे दिली आणि निम्म्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्हॉलुमॅब, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षाअखेर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शेकडा १६.३ वरून ४३.४ वर गेले. औषध कंपन्यांनी असा प्रश्न विचारला नसता. कमी मात्रेत कोणाचाच नफा नाही. सार्वजनिक रुग्णालयाने तो विचारला यात वकिलांच्या आणि डहाणूकरांच्या परळची परंपरा दिसते : रुग्णाच्या परिस्थितीतून उगवलेला प्रश्न.

आणि तरीही तोच जुना प्रश्न येथेही उभा आहे. अल्प मात्रेची तुलना औषधाच्या अभावाशी झाली, पूर्ण मात्रेशी नाही. अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे की केवळ काहीच नसण्यापेक्षा बरी आहे, हे या १५१ रुग्णांवरून ठरत नाही. ते ठरवायला तिसरा गट हवा, आणि त्या गटाला ती महाग मात्रा देण्याइतका पैसा कोणीतरी पुरवायला हवा. तोवर परळच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या रुग्णाला डॉक्टर एवढेच सांगू शकतो की, ही मात्रा न घेण्यापेक्षा घेणे बरे. ती श्रीमंताच्या मात्रेहून किती कमी, हे त्याने विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नाही.